भरतीरेषेपाशी ग्रामपंचायत का थांबते?

मागील अंकात मालवण तालुक्याच्या किनारी गावांविषयी आलेल्या लेखावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. काही पत्रे लांब होती. त्यांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आमचे मूळ घर देवबागला आहे. समुद्राच्या बाजूची आमच्या बागेची कड दर पावसाळ्यात खचते. गेल्या दोन वर्षांत कडेचे तीन माड गेले. ग्रामपंचायतीकडे बंधाऱ्यासाठी अर्ज केला, तर ‘हे आमच्या हातात नाही’ असे उत्तर मिळाले. गावाची पुळण गावाची नाही, तर मग ती कोणाची? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ग्रामपंचायतीने आपल्याला टाळले असे वाटणे साहजिक आहे, परंतु दिलेले उत्तर कायद्याला धरून आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २० नुसार भरतीच्या खुणेखालचा समुद्राचा तळ, बंदरांचा व खाड्यांचा तळ आणि नद्यांची पात्रे, कोणाचा वैध हक्क सिद्ध झालेला नसेल तेथे, राज्य शासनाच्या मालकीची असतात. आपल्या बागेचा सातबारा कडेपर्यंत आहे. त्याच्या पुढे जी ओली वाळू लागते, तिचा सातबारा कोणाच्याही नावावर निघत नाही, आणि जिचा सातबारा नाही तिथे ग्रामपंचायत घरपट्टी लावू शकत नाही की स्वतःच्या अधिकारात भिंतही घालू शकत नाही.

अडचण अशी की शासन म्हणजे एक खिडकी नव्हे. जमिनीची मालकी आणि देखरेख महसूल खात्याकडे, म्हणजे तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी या साखळीकडे आहे. बंदरे, जेट्ट्या, प्रवासी होड्या आणि पाण्यावरचे खेळ यांचे परवाने १९९६ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत. गावात अजूनही त्याला ‘बंदर खाते’च म्हणतात. समुद्राच्या बाजूचे धूपप्रतिबंधक बंधारे पतन विभाग बांधतो. खाडीच्या बाजूचे, खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले खारबंधारे, १९७९ च्या खारजमीन विकास अधिनियमाखाली खारभूमी विभागाकडे येतात. किनाऱ्यावरची सुरूची लागवड बहुतेक ठिकाणी वन किंवा सामाजिक वनीकरण खात्याची असते, आणि मासे उतरवण्याच्या जागेची काळजी मत्स्यव्यवसाय खात्याने घ्यायची असते.

देवबाग हे या वाटणीचे सर्वांत अवघड उदाहरण आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी, असा हा गाव आहे. संगमाकडे चालत गेले की एका ठिकाणी डाव्या हाताला खाडीत नांगरलेल्या होड्या आणि उजव्या हाताला लाटा, दोन्ही एकाच वेळी दिसतात. मधल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरे आणि माड एवढेच मावते. अशा गावात एका घराच्या पुढच्या दारी पतन विभाग आणि मागच्या दारी खारभूमी विभाग उभा असतो, आणि पत्र चुकीच्या दारी गेले की ते वर्षभर परत येत नाही. हे मी अनुभवावरून लिहितो. एका शेजाऱ्यांचा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात ‘उचित कार्यवाहीस्तव’ इतक्या वेळा गेला, की कार्यवाही होईपर्यंत ज्या कुंपणासाठी तो होता ते कुंपणच उरले नव्हते.

आपण पुढील क्रम धरावा असे सुचवतो. प्रथम तलाठ्याकडून नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा व गेलेल्या झाडांची नोंद त्यात आहे की नाही हे सही करण्यापूर्वी पाहावे. बागेची मोजणी जुनी असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून ती नव्याने करून घ्यावी, कारण कड किती आत आली हे नकाशाशिवाय सिद्ध होत नाही. त्यानंतर एकट्याचा अर्ज न देता ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या सभांपैकी जी जवळ असेल ती साधावी आणि ठरावाची प्रत जिल्हाधिकारी, पतन विभाग आणि पंचायत समिती या तिघांनाही द्यावी. ग्रामपंचायत बंधारा बांधू शकत नसली, तरी बंधारा मागण्याचा गावाचा अधिकृत आवाज तीच आहे. नेमक्या याच उपयोगाकडे किनाऱ्यावर फारसे कोणी लक्ष देत नाही.

एक सावधगिरीही सांगावीशी वाटते. आपल्या बागेपुरता दगडी बंधारा झाला, तर लाटेचा जोर त्याच्या टोकाला जाऊन शेजारची वाळू अधिक वेगाने नेतो. म्हणून मागणी आपल्या कडेपुरती न करता सलग पट्ट्यासाठी करावी.

प्रश्न : शालेय प्रकल्पासाठी विचारत आहे. मालवण तालुक्याचा कारभार नेमका कोणती स्थानिक संस्था पाहते? (एक शिक्षिका, कुडाळ)

उत्तर : मालवण शहरासाठी नगरपरिषद आहे आणि ती १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली चालते. शहराबाहेरच्या गावांसाठी १९५८ च्या अधिनियमाखालील ग्रामपंचायती, त्यांच्या वर तालुक्याची पंचायत समिती आणि त्याहून वर सिंधुदुर्ग जिल्हा परिषद अशी उतरंड आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यापूर्वीचे कागद पाहायचे असल्यास विद्यार्थ्यांना ‘जिल्हा रत्नागिरी’ असाच उल्लेख सापडेल. तहसीलदार हे स्थानिक स्वराज्य संस्थेचे नव्हे, तर महसूल खात्याचे अधिकारी असतात, एवढा फरक मुलांना आवर्जून सांगावा. मोठी माणसेही तो विसरतात.

प्रश्न : तळाशीलच्या किनाऱ्यावर सकाळी फिरताना काही मंडळी लांबच लांब दोर ओढत होती. आम्हीही हात लावला. शेवटी त्यांनी आमच्या पिशवीत बांगडे टाकले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. ही कोणती रीत, आणि ही माणसे कोण? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपण रापण ओढलीत. एक होडी जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून पाण्यात जाते, जाळे अर्धगोल सोडत काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते, आणि मग दोन्ही टोकांच्या दोरांवर दोन रांगा उभ्या राहतात. दोन्हीकडची माणसे पाठीवर जोर देत मागे सरकतात, दोर संपला की शेवटचा माणूस धावत पुढे जाऊन पुन्हा पाण्याकडून धरतो, आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात. किती वेगाने ओढायचे, कधी थांबायचे, हे तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, सांगतो. जाळ्याची पिशवी उथळ पाण्यात आली की पाण्याचा रंग बदलतो आणि मासा उसळू लागतो; त्या क्षणी ओढणाऱ्यांचे बोलणे बंद होते, हे आपण पाहिलेच असेल.

मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. दोराला ज्याचा हात लागला तो, पाहुणा असला तरी, कालवणापुरत्या मासळीचा धनी होतो. म्हणून आपल्याकडून पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर ती विक्री झाली असती, आणि आपण तर त्या सकाळपुरते रापणकार होता. बांगडा, तारली, पेडवे अशी थव्याने किनाऱ्याजवळ येणारी मासळी हे रापणीचे मुख्य उत्पन्न. तिचा लिलाव वाळूवरच होतो आणि पुढची विक्री बहुतांशी बायकांच्या हाती असते. दर कोणता धरायचा याचा निर्णयही टोपली डोक्यावर घेणारी बाईच करते.

ही माणसे मुख्यत्वे गाबीत समाजाची. सिंधुदुर्गापासून गोवा आणि कारवारपर्यंत हा समाज पसरलेला आहे आणि मराठ्यांच्या आरमाराशी आपले नाते तो अभिमानाने सांगतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या कामाला प्रारंभ झाला, तो ज्या कुरटे बेटावर, त्याच्या भोवतालचे खडक आणि वाटा दर्यावर्दी माणसांवाचून कोणाला कळल्या असत्या, असा प्रश्न ते विचारतात, आणि तो रास्त आहे. मात्र किनारा फक्त मच्छीमारांचा आहे असे समजू नये. माडांच्या बागा आणि माडी काढण्याचा व्यवसाय यांच्याशी भंडारी समाजाचे जुने नाते आहे. शेती, भातखाचरे, देवस्थानांचे मान यांच्याशी जोडलेली कुळे आहेत. ख्रिस्ती आणि मुसलमान कुटुंबे आहेत. आता यात पर्यटनावर जगणारा एक नवा थर मिसळला आहे, आणि तो वेगळ्या लोकांचा नाही. सकाळी रापणीवर असलेला मुलगा दुपारी डॉल्फिन दाखवायला होडी काढतो.

या समाजांना बांधणारी आणखी एक व्यवस्था आहे, तिचा उल्लेख कोणत्याही अधिनियमात नाही. आचऱ्याला काही वर्षांनी, श्री देव रामेश्वराचा कौल घेऊन, गावपळण होते. तीन दिवस आणि तीन रात्री सगळा गाव, गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह, वेशीबाहेर राहुट्या टाकून राहतो. हिंदूंबरोबर मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबेही निघतात. ग्रामपंचायतीने असा आदेश काढला असता तर किती दारे बंद झाली असती, याची कल्पना वाचकांनी करावी. बारापाच मानकऱ्यांची, म्हणजे देवस्थानात पिढीजात मान असलेल्या घराण्यांची, ही गावऱ्हाटी (गावाची पारंपरिक व्यवस्था) लोकशाहीच्या कसोटीला सर्वस्वी उतरते असे माझे म्हणणे नाही. मान कोणाचा आणि मागे उभे राहायचे कोणी, हे तिथे जन्माने ठरते. पण किनाऱ्यावर ‘गाव’ म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर ग्रामपंचायतीच्या फलकाइतकेच देवळाच्या मांडावर, म्हणजे गाव एकत्र जमतो त्या जागीही, पाहावे लागते.

प्रश्न : बाहेरच्या मोठ्या बोटी आमच्या समोर येऊन मासळी ओरबाडून नेतात. आमच्या ग्रामसभेने त्याविरुद्ध एकमताने ठराव केला. संविधानाने मत्स्यव्यवसाय हा विषय पंचायतींना दिला आहे असे ऐकतो. मग ठरावाला किंमत का नाही? (एक मच्छीमार वाचक, मालवण तालुका)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, पण अर्धे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत आणि त्यांत पाचवा विषय मत्स्यव्यवसाय हाच आहे. परंतु ते अधिकार पंचायतींना द्यायचे की नाही आणि किती द्यायचे, हे अनुच्छेद २४३-छ ने राज्य विधिमंडळावर सोडले आहे. सागरी मासेमारीच्या बाबतीत विधिमंडळाने त्याआधीच, १९८१ मध्ये, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला होता आणि त्याखालचे परवाने, गस्त व कारवाई मत्स्यव्यवसाय खात्याकडे ठेवली होती. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत येते. त्यापलीकडे केंद्र शासनाचा अधिकार चालतो. ग्रामपंचायतीच्या वाट्याला यातले पाणीही येत नाही आणि मासाही येत नाही.

तथापि आपल्या ठरावाला अगदीच आधार नाही असे नाही. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने पर्ससीन जाळ्यांच्या, म्हणजे माशांचा थवा घेरून खालून बटव्यासारख्या आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, मासेमारीवर क्षेत्र, काळ आणि परवान्यांची संख्या या तिन्ही बाजूंनी निर्बंध घातले. दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्याच्या एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. पूर्वी अशा प्रकरणांचा निवाडा तहसीलदारांपुढे होत असे. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आला आणि दंडाची रक्कम लाखांच्या घरात गेली. कायदा आता पुरेसा कडक आहे. उणीव आहे ती समुद्रात त्या वेळी हजर असणाऱ्या माणसांची आणि गस्तीनौकांची.

म्हणून नुसत्या ‘बंदी घाला’ अशा ठरावापेक्षा तारीख, वेळ, बोटीचा नोंदणी क्रमांक आणि शक्य झाल्यास भ्रमणध्वनीवरील स्थान व छायाचित्र यांसह तक्रार आपल्या मच्छीमार सहकारी सोसायटीमार्फत मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे करावी. डिझेलच्या परताव्यापासून अनेक शासकीय व्यवहार सोसायटीच्या माध्यमातूनच होत असल्याने तिच्या पत्राची नोंद घेतली जाते. जुने लोक समुद्राची हद्द वावात मोजत. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होईल तेवढी खोली. आपण तक्रारीत ‘इतक्या वावांत बोट होती’ असे लिहिलेत तर आपल्या गावात सर्वांना कळेल, पण सुनावणीत अक्षांश-रेखांशच टिकतील.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, ती काहींना आवडणार नाही. ‘बाहेरच्या बोटी’ हा शब्द आपण वापरला आहे. काही बोटी खरोखर परराज्यांतून येतात, पण पर्ससीनचे मालक आणि खलाशी आपल्या जिल्ह्यातही आहेत, आणि काही घरांत एक भाऊ रापणीला तर दुसरा यांत्रिक बोटीवर आहे. भांडण पद्धतीचे आहे. ते गावागावांचे किंवा जातीजातींचे झाले की दोन्हीकडचे तरुण पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारतात आणि मासा तसाच कमी होत राहतो.

प्रश्न : समुद्राजवळच्या आमच्या जुन्या घराचे छप्पर बदलून दोन खोल्यांत पर्यटकांची सोय करायची आहे. सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) काहीच करता येत नाही असे सांगतात. खरे काय? (एक वाचक, तारकर्ली परिसर)

उत्तर : ‘काहीच करता येत नाही’ हेही खरे नाही आणि ‘आता सगळे मोकळे झाले’ असे सांगणाऱ्या दलालांवरही विश्वास ठेवू नये. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी ६ जानेवारी २०११ ची आणि तिसरी १८ जानेवारी २०१९ ची. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार जिथे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक आहे, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर हे ना-विकास क्षेत्र. इतर गावांत ते २०० मीटर. खाडीच्या बाजूला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते.

ना-विकास क्षेत्रातही अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, जोत्याचे क्षेत्रफळ आणि चटई निर्देशांक (भूखंडाच्या तुलनेत एकूण बांधकामाचे प्रमाण) न वाढवता, करता येते. स्थानिकांना आपल्या राहत्या घरात, जोते वा दर्शनी भाग न बदलता, घरगुती निवासाची सोय देण्याची मुभाही आहे. स्वतःच्या राहण्यासाठीच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामाचा प्रस्ताव अधिसूचनेच्या निकषांवर तपासून मंजूर करण्याचा अधिकार स्थानिक प्राधिकरणाला आहे. त्यासाठी राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावे लागत नाही. तेव्हा छप्पर बदलण्यात अडचण नाही. अडचण ‘अधिकृत’ या एका शब्दात आहे. किनाऱ्यावरची बहुतेक जुनी घरे परवानगी ही कल्पनाच नव्हती त्या काळातली आहेत. आपल्या घराची जुनी घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, वीजजोडणीचा जुना कागद, जे सापडेल ते एकत्र करा. घर १९९१ पूर्वीचे असल्याचा पुरावा मिळाला तर निम्मे काम झाले. छपराचे पत्रे काढण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि जोत्याची मोजमापे लिहून ठेवा, कारण काम सुरू झाल्यावर ‘जोते वाढवले’ अशी तक्रार आली, तर जुने जोते केवढे होते हे दाखवायला आपल्याकडे काही उरत नाही.

भरतीरेषा कोणती, हा वादही आपण स्वतःच्या डोळ्यांनी सोडवू नये. ती मान्यताप्राप्त आराखड्यावर आखलेली असते. उधाणाचे पाणी कुठवर आले यावर ती ठरत नाही.

प्रश्न : मालवणला सागरी अभयारण्य आहे, हे खरे का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : खरे आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली ते जाहीर झाले. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यांपैकी गाभा ३.१८२ चौरस किलोमीटर आणि उरलेला भाग भोवतालचे सुरक्षित क्षेत्र. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसमंतातील प्रवाळ आणि खडकाळ समुद्रतळ हे त्याचे मुख्य कारण. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिकांनी त्याला सुरुवातीपासून विरोध केला, त्यामुळे किल्ल्याकडे होडीने जाणाऱ्या प्रवाशाला आपण अभयारण्याच्या पाण्यातून चाललो आहोत हे सहसा कळतही नाही.

प्रश्न : देवबागजवळच्या ‘सुनामी आयलंड’वर कर कोण वसूल करते? ते कोणत्या ग्रामपंचायतीत येते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ते बेट नव्हे. कर्लीच्या मुखाशी साचलेला तो वाळूचा दांडा असून ओहोटीला वर येतो आणि भरतीला बराचसा पाण्याखाली जातो. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या कलम २० प्रमाणे तो खाडीच्या तळाचा भाग ठरतो; त्याला गट क्रमांक नाही, त्यामुळे त्यावर घरपट्टी नाही. तेथे जाणाऱ्या होड्यांचे आणि जलक्रीडांचे परवाने सागरी मंडळ देते. ग्रामपंचायत १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १२४ खाली आपल्या हद्दीत यात्रेकरू कर बसवू शकते, पण आपण होडीत बसलात तो धक्का तिच्या हद्दीत असला, तरी जिथे उतरलात ती वाळू नसते. होडीवाल्याला परतीची वेळ मात्र आधी विचारून ठेवा. भरती लागली की दांड्यावरची माणसे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या एकाच फेरीत परत आणाव्या लागतात.